दातांच्या डॉक्टरांचा कोट

एकोणीसशे सत्याहत्तर साल, मार्चची बारा तारीख, शनिवार. तारीख इतकी पक्की लक्षात राहण्याचं कारण म्हणजे ती दोन ठिकाणी लिहिलेली होती. बाबांच्या मापाच्या वहीत लिहिलं होतं, ‘दातांचे डॉक्टर, करडा कोट, १२ तारीख, संध्याकाळी पाच.’ आणि आमच्या संस्थेच्या स्टोअरच्या रजिस्टरात माझ्या सहीसमोर लिहिलं होतं, ‘कॅमेरा परत, १२ तारीख, साडेपाच.’

मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि चित्रपट शिकवणाऱ्या एका संस्थेत दुसऱ्या वर्षाला होते. अभ्यासक्रमाच्या शेवटी प्रत्येकाने एक छोटी फिल्म करून द्यायची. संस्थेकडून मिळायची सहा रिळं, एकेक पावणेतीन मिनिटांचं, आणि तीन दिवसांसाठी एक चावीचा कॅमेरा. चावी पूर्ण पिळली की तो अर्धा मिनिटही धड चालत नसे, मग थांबून परत चावी. नट, जागा, दिवे, जेवणखाण यांबद्दल विचारलं की आमचे सर म्हणायचे, “ते आपलं आपण.”

माझं सगळं या फिल्मवर अडलं होतं. वार्तापट काढणाऱ्या एका कचेरीत फिल्म जोडण्याच्या खात्यात एक टेबल रिकामं झालं होतं. त्या खात्याच्या बाईंना मी भेटून आले होते. त्यांनी माझे कागद बघितलेसुद्धा नाहीत. म्हणाल्या, “महिनाअखेरपर्यंत पूर्ण झालेली फिल्म घेऊन या. अर्धवट कामं माझ्याकडे पुष्कळ पडलीत.” ते टेबल मिळालं नाही तर माझी जागा ठरलेली होती. बाबांचं शिवणकामाचं दुकान होतं, आणि मोठ्या भावाने, म्हणजे दादाने, माझ्यासाठी खिडकीजवळची खुर्ची मोकळी करून ठेवली होती. काज-बटणं करायला तिथे उजेड चांगला पडतो म्हणून. त्यात त्याची मायाच होती, आणि म्हणूनच मला त्या खुर्चीकडे बघवत नव्हतं. आठव्या वर्षापासून मी काजं करत आले होते. एका शर्टाला सात.

फिल्मची गोष्ट मी आमच्याच दुकानातून उचलली होती. एक शिंपी एका गिऱ्हाइकाचा कोट जीव ओतून शिवतो. गिऱ्हाईक येतच नाही. कोट हँगरवर लटकत राहतो. शेवटी एक दिवस शिंपी ब्लेड घेऊन तो कोट उसवतो. शिंप्याचं काम बाबा करणार होते. नट फुकट, जागा फुकट. कोट मात्र फुकट नव्हता. कोटाचं कापड आणायची माझी ऐपत नव्हती, म्हणून तयार होऊन लटकत असलेला दातांच्या डॉक्टरांचाच कोट वापरायचं ठरलं. उसवायचं नाटक करायचं, बस.

“हात लावा,” दादाने बजावलं होतं. “पण टाक्याला धक्का लागता कामा नये.”

कॅमेऱ्यामागे माझा वर्गमित्र होता. त्याला सगळे अंधाऱ्या म्हणत. भर दुपारी, भर रस्त्यावरसुद्धा तो लाइटमीटर डोळ्यांपुढे धरून मान हलवायचा आणि म्हणायचा, “अंधार आहे.” दिवे आणायला आमच्याकडे काही नव्हतं, आणि दुकानाच्या वायरिंगवर इस्त्रीशिवाय दुसरं काही लावलं की फ्यूज जायचा. म्हणून सगळी भिस्त रस्त्याकडून येणाऱ्या उन्हावर होती. समोरच्या चार मजली इमारतीची सावली तीनच्या सुमारास आमच्या उंबऱ्याला लागायची. त्याआधी जे काय होईल ते. आईने घरातली सगळ्यात पांढरी चादर काढून दिली होती आणि ती ताणून धरून ऊन आत फेकायचं काम स्वतःकडे घेतलं होतं. सगळा वेळ ती चादरीच्या मागून बोलत असायची. दिसायची नाही, फक्त ऐकू यायची.

आता आमची एक पद्धत सांगायला हवी, कारण सगळा घोळ तिच्यातून झाला. रिळं इतकी थोडी, की आमच्या संस्थेत प्रत्येक शॉटचा आधी कोरा टेक घ्यायचे. म्हणजे कॅमेऱ्यात फिल्म नाही, बाकी सगळं खरं. चावी पिळायची, कॅमेरा चालू करायचा, नटाने पूर्ण काम करायचं, कॅमेरेवाल्याने ‘कट’ म्हणेपर्यंत डोळा काढायचा नाही. एका रिळात बसतील तेवढ्या शॉटचे कोरे टेक आधी उरकायचे, मग रीळ भरायचं आणि तेच सगळं परत करायचं. सर म्हणायचे, चुका रिकाम्या कॅमेऱ्यासमोर करून घ्या.

अडचण अशी झाली की बाबा फक्त रिकाम्या कॅमेऱ्यासमोरच माणसासारखे वागत. गुरुवारी पहिल्या कोऱ्या टेकमध्ये ते इतके सहज बसले, सुईत दोरा ओवताना ओठ असे काही मुडपले, की मी अंधाऱ्याकडे बघून हसले. मग रीळ भरलं, कॅमेरा सुरू झाला, आणि बाबांचा पुतळा झाला. मान ताठ, डोळे मोठे, हातातली सुई भाल्यासारखी उभी.

“बाबा, मघासारखं करा ना.”

“मघासारखंच करतोय की.”

“अहो, श्वास तरी घ्या,” चादरीमागून आई.

शुक्रवारी मी लबाडी केली. रीळ भरलं आणि बाबांना सांगितलं की हा कोराच आहे. अंधाऱ्याने कॅमेरा सुरू केला. दोन सेकंद बाबा ठीक होते, मग हळूहळू ताठ होत गेले.

“आत भरलंय ना काहीतरी?” त्यांनी मान न वळवता विचारलं.

“तुम्हाला कसं कळलं?”

“पोरी, मशीन रिकामं पळतंय की कापड घेतंय हे मला पाठ फिरवून कळतं. चाळीस वर्षं हे कान दुसरं काय करतायत?”

अंधाऱ्याने कॅमेरा बंद केला आणि बाबांकडे अशा नजरेने बघितलं की जणू त्यांनी त्याचं आडनाव बदलून टाकलं होतं. दोन वर्षांत त्याला स्वतःला हा फरक कधी ऐकू आला नव्हता.

तर शुक्रवार संध्याकाळपर्यंत पाच रिळं संपली आणि माझ्याकडे काय होतं? बाबांचे हात, कात्री, हँगरवरचा कोट, रिकामा रस्ता, घड्याळ. चेहरा एकही नाही. गुरुवारी एक ट्रक दुकानापुढे दोन तास उभा राहिला आणि त्याचा ड्रायव्हर आत झोपला, त्यात अर्धं ऊन गेलं. तिपाईच्या एका पायाचा स्क्रू पडला आणि तो पाय आम्ही मापाच्या टेपने बांधला. हे सगळं निभावलं असतं. पण चेहऱ्याशिवाय फिल्म कशी होणार? ज्या माणसाने कोट शिवला त्याचं तोंडच दिसणार नसेल, तर उसवण्याचं कुणाला काय वाटणार?

शनिवारी माझ्याकडे एक रीळ होतं. पावणेतीन मिनिटं.

सकाळपासून माझा पाय एका जागी ठरत नव्हता. मी दुकानातून रस्त्यावर आणि रस्त्यावरून दुकानात फेऱ्या मारत होते. दादा अस्तराचं कापड आणायला बाहेर पडला. जाताना म्हणाला, “तू चालतेस तेवढं शिवलं असतंस तर एव्हाना एक पँट झाली असती.”

पावणेदोनला ऊन बरोबर टेबलावर आलं. बाबा स्टुलावर बसले, पुढ्यात कोट, उजव्या हातात ब्लेड. मी त्यांना सांगितलं, “नुसतं खांद्याजवळ न्यायचं. मग थांबायचं, कोटाकडे बघायचं. हा कोरा आहे.”

“माहीत आहे,” बाबा म्हणाले. अंधाऱ्याने मघाशी कॅमेरा जरा चालवून बघितला होता, तेव्हाच त्यांच्या कानांनी तो तपासला होता.

अंधाऱ्याने चावी पिळली. कॅमेरा चालू झाला.

बाबांनी कोट मांडीवर घेतला. ब्लेड खांद्याजवळ नेलं आणि थांबले, सांगितल्याप्रमाणे. मग त्यांनी सांगितलेलं नव्हतं ते केलं. कोट उजेडाकडे वळवला. बाहीच्या जोडावरून अंगठा फिरवला, परत फिरवला. भुवया जवळ आल्या. त्यांनी बाही मुठीवर चढवून बघितली, खांदा वर धरला, डोकं जरा तिरकं केलं. त्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपल्याच माणसाने आपल्याला फसवावं आणि ते आपल्याला आत्ता कळावं, तसं काहीतरी होतं. मी श्वास धरून बघत होते. हाच चेहरा. दोन दिवस याच्यासाठी मी जीव टाकत होते.

आणि मग बाबांनी ब्लेड टेकवलं. टाका तुटल्याचा बारीक आवाज आला. दुसरा. तिसरा. धागे ओढत, फुंकर मारत, सावकाश, अगदी माया करावी तसं त्यांनी उजवी बाही मोकळी केली. अंधाऱ्याने मध्ये घाईने परत चावी पिळली आणि डोळा लावला, कारण ‘कट’ मी म्हटलंच नव्हतं. बाबांनी डाव्या बाहीला हात घातला.

“अहो,” चादर खाली आली आणि आईचं तोंड दिसलं. “अहो, डॉक्टरांचा कोट आहे तो.”

“दिसतंय मला,” बाबा म्हणाले. “बाह्या कुणी लावल्यात?”

दुकानात बाह्या लावणारी माणसं दोनच होती, आणि त्यांतला एक विचारत होता.

“शर्टाच्या लावाव्यात तशा लावल्यात. पुढे चुणी बघ. हात वर केला की सगळा कोट वर येईल. तो माणूस दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालून वाकलेला असतो. त्याला ही बाही?”

डावी बाही पण सुटली. खांद्याचं अस्तर सुटलं. मी अजून त्या चेहऱ्यातच होते. वळून अंधाऱ्याला म्हणाले, “मिळालं ना? सगळं मिळालं ना?”

त्याने कॅमेऱ्यावरून डोळा काढला. घसा खाकरला. “अगं,” तो म्हणाला, “कोरा होता.”

माझ्यासमोर बाह्या नसलेला कोट पडला होता, आणि पाच वाजता तो दुसऱ्या माणसाच्या अंगात जायचा होता. दोन वाजले होते. म्हणजे ते दृश्य आता परत घेता येणार नव्हतं, कारण उसवायला काही उरलंच नव्हतं.

दादा नेमका तेव्हाच अस्तराची गुंडाळी काखेत मारून आत आला. आधी त्याने कोट बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

“मी काय सांगितलं होतं?”

“मी नाही केलं.”

“तुझ्या त्या डबड्यापायीच झालं ना पण? महिनाभर ऐकतोय, फिल्म, फिल्म. आता सांग डॉक्टरांना, की बिनबाह्यांचा घालून जा, हिला पास व्हायचंय.”

“तिला नको बोलूस,” बाबा म्हणाले. “मी उसवलाय. बाही तू लावलीयस. ये, बघ इकडे.”

दादा आला. बाबांनी त्याला चुणी दाखवली. बराच वेळ तो वाकून बघत राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

“घाईत झालं,” तो शेवटी म्हणाला.

“हां. आता आणखी घाईत करायचंय. तीन तास आहेत. सुई ओव, आणि इस्त्री लाव.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुझं आता थांबव, बाळ. आता इथे काम आहे.”

मी दारात जाऊन उभी राहिले. उंबऱ्यावर उभं राहवेना म्हणून रस्त्यात उतरले, रस्त्यात ऊन लागलं म्हणून परत दारात. डोक्यात एकच हिशेब चालू होता. दुसरा कोट? कुठून आणू? आईची जुनी साडी उसवायला द्यावी? शिंपी साडी कशाला उसवेल? गोष्ट बदलावी? कशात? खिडकीजवळची खुर्ची माझ्याकडे बघत होती. आत बाबांचे बाहीला कच्चे टाके घालून झाले आणि त्यांनी पायमशीन सुरू केलं. ते जुनं मशीन होतं, त्याचा आवाज कोपऱ्यावरच्या बसथांब्यापर्यंत जायचा.

अंधाऱ्याने तेवढ्यात शेवटचं रीळ भरून ठेवलं होतं. सवयीचा गुलाम. घेतलं काही नाही तरी रीळ भरून तयार ठेवायचं. फिल्मची पट्टी नीट बसली का बघायला त्याने कॅमेरा दोन सेकंद चालवला. भरलेला कॅमेरा, बाबांच्या पाठीमागे चार फुटांवर.

बाबांनी मान वळवली नाही.

मी आत आले. अंधाऱ्याच्या कानाशी जाऊन म्हणाले, “परत चालव.” त्याने परत दोन सेकंद चालवला. बाबा मशीनवर वाकलेले, बाही हळूहळू फिरवत होते. त्यांना काहीही ऐकू गेलं नव्हतं. मशीनच्या आवाजात कॅमेरा बुडून गेला होता.

“मशीन चालू तेव्हाच कॅमेरा चालू,” मी पुटपुटले. “मशीन थांबलं की थांब.”

“आणि फिल्म? गोष्ट? तो तर शिवतोय. आपल्याला उसवायचंय.”

“आधी चेहरा घे. गोष्टीचं बघते मी.”

“अंधार आहे,” तो म्हणाला, आणि समोर सरकला.

त्याचं म्हणणं खरं होतं. सावली उंबऱ्याशी आली होती. आईने चादर कितीही ताणली तरी तिच्यावर पडायला ऊनच नव्हतं. ऊन आता रस्त्याच्या पलीकडच्या कडेला होतं. मी इकडेतिकडे बघितलं आणि ट्रायलचा आरसा दिसला. पुरुषभर उंचीचा, लाकडी चौकटीचा. मी आणि आईने तो दोन्ही बाजूंनी उचलला आणि रस्त्यापलीकडे नेऊन उन्हात उभा केला. सायकलवाले शिव्या देत होते. आरशातून उन्हाचा चौकोन उडी मारून दुकानात गेला, भिंतीवर, मग छतावर, मग बाबांच्या टेबलावर. आई आरसा सोडून चादर घ्यायला परत धावली. मी आरशाला टेकून उभी, हात भरून आलेले, आणि तिकडे माझी फिल्म माझ्याशिवाय चाललेली.

“मी काही मदत करू का?” कुणीतरी विचारलं. बघते तर दातांचे डॉक्टर. चार वाजून दहा मिनिटं. पाच सांगितलेला माणूस चारला आला होता.

“तुमचा कोट होतोय,” मी म्हणाले. खोटं नव्हतं ते. “थोडा वेळ हा आरसा धराल? असाच. उजेड त्यांच्या तोंडावर पडला पाहिजे, डोळ्यांत नको.”

त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली, बाह्या सारल्या आणि आरसा धरला. किंचित मागे, किंचित डावीकडे. चौकोन बरोबर बाबांच्या गालावर जाऊन स्थिर झाला. आयुष्यभर त्यांनी दुसरं काय केलं होतं?

“ठीक? दुखत नाही ना?” त्यांनी विचारलं आणि स्वतःच ओशाळून हसले.

मी धावत आत आले. अंधाऱ्याने बोटं दाखवली, अर्धं रीळ शिल्लक. तेवढ्यात बाबांनी मशीन थांबवलं. आता उरलेलं काम हाताचं होतं. खांद्याच्या आतलं अस्तर हातानेच टाचावं लागतं. बाबांनी सुई लागू नये म्हणून बोटात अंगुस्तान चढवलं, कोट मांडीवर उलटा घेतला आणि सुई चालवू लागले. दुकान एकदम शांत झालं. चेहरा पूर्ण उजेडात, खाली झुकलेला, ओठ मुडपलेले. गुरुवारी जो बघून मी हसले होते तोच चेहरा. आणि कॅमेरा चालवायची सोय नाही. एक सेकंद चालवला असता तरी पुतळा झाला असता, आणि पुतळ्याने चुकीचा टाका घातला असता तर कोटही गेला असता.

अंधाऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. नाही.

तेव्हा दादा इस्त्रीजवळून उठला. त्याने आधी कॅमेऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग बाबांच्या वाकलेल्या मानेकडे. दुसऱ्या मशीनवर जाऊन बसला, चिंध्यांच्या टोपलीतून एक लांब पट्टी घेतली, सुईखाली दिली आणि पाय चालवू लागला. खडखडाट सुरू झाला.

“काय शिवतोयस?” बाबांनी मान वर न करता विचारलं.

“अभ्रा.”

“आत्ता?”

“आईला हवाय.”

“मला कशाला,” एवढं आई बोलून गेली, आणि मग चादरीमागून म्हणाली, “हो, हवाय. दोन हवेत.”

अंधाऱ्याने कॅमेरा सुरू केला. चावी संपली की तो थांबायचा, पिळायचा, परत सुरू. दादा पट्टीच्या टोकाला आला की कापड फिरवून दुसऱ्या बाजूने घालायचा. बाबा टाचत होते. उन्हाचा चौकोन थोडासा हलत होता, कारण रस्त्यापलीकडे डॉक्टरांचे हात आता भरून आले असणार. मी श्वास मोजत उभी होते.

“मोठा दिसतोय अभ्रा,” बाबा मध्येच म्हणाले.

“उशी मोठी आहे,” दादा म्हणाला.

बाबांनी शेवटची गाठ मारली, दाताने दोरा तोडला आणि डॉक्टरांना हाक मारली. आरसा तिथेच भिंतीला टेकवून डॉक्टर आत आले. उजेड गेला. अंधाऱ्याने भिंगाची झडप पूर्ण उघडली आणि या वेळी काही बोलला नाही. बाबांनी कोट डॉक्टरांच्या अंगात चढवला, मागून खांदे ओढले. “हात वर करा. आता पुढे. कुणाच्या तोंडात घालता तसा.” डॉक्टरांनी हात पुढे केला. कोट जागचा हलला नाही. बाबांनी त्यांच्या खांद्यावर, नव्या जोडावर, तळहात ठेवला आणि तसाच ठेवून उभे राहिले. दादाचं मशीन अजून चालूच होतं. कॅमेऱ्यातून सट्‌ असा आवाज आला. रीळ संपलं.

तो आवाज मात्र बाबांनी ऐकला. वळून अंधाऱ्याकडे बघितलं, मग दादाकडे. दादाने पाय थांबवला. सुईखाली तीन हात लांब पट्टी होती आणि तिच्यावर इतक्या शिवणी, की ती पुठ्ठ्यासारखी ताठ झाली होती.

“चहा टाक,” बाबा आईला म्हणाले.

चहाला मी थांबले नाही. पाच वाजून गेले होते. मी आणि अंधाऱ्या कॅमेरा पोटाशी धरून बसमागे धावलो. स्टोअरवाले कुलूप हातात घेऊन दारात उभे होते. त्यांनी आधी कॅमेरा उघडून बघितला, मग तिपाई बघितली, टेपने बांधलेला पाय बघितला, आणि रजिस्टरात ‘बावीस मिनिटं उशीर’ असं लिहून मला सही करायला लावली.

आता गोष्टच बदलली होती. माझ्या शिंप्याने कोट उसवला नाही. तो वाट बघतो, कोट लटकतो, आणि एक दिवस तो स्वतःच ठरवतो की कोट नीट झालेला नाही. परत शिवायला घेतो. आणि गिऱ्हाईक येतं. रिळं धुऊन आली ती अठरा तारखेला. दोन रात्री सोडल्या तर बाकी सगळा वेळ मी जोडणीच्या खोलीत होते. पहिल्या पाच रिळांतले बाबांचे पुतळे मी सगळे काढून टाकले. शेवटच्या शॉटमध्ये तळहात खांद्यावर टेकतो, जेमतेम दीड सेकंद, आणि मग रिळाच्या टोकावर उजेड लागून चित्र पांढरं होत जातं.

महिनाअखेरीला, तीस तारखेला, त्या बाईंनी फिल्म बघितली. दिवे लागल्यावर म्हणाल्या, “शेवट जळलेला आहे.”

“हो.”

“कापला का नाहीत?”

“हात टेकेपर्यंत थांबायचं होतं. त्यापुढे एवढंच होतं.”

त्यांनी चष्मा पुसला. “सोमवारी नऊला या,” त्या म्हणाल्या. “नऊ म्हणजे नऊ. बावीस मिनिटं उशीर इथे चालत नाही.” ते त्यांना कुणी सांगितलं हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

त्या बाईंच्या हाताखाली मी अकरा वर्षं काम केलं. त्या निवृत्त झाल्या तेव्हा त्यांचं टेबल मला मिळालं, आणि मग त्या टेबलावर माझी पंचवीस वर्षं गेली. त्या पुढे आपल्या बहिणीकडे राहायला गेल्या आणि तिथे त्यांनी मांजरं पाळली, असं ऐकलं. पत्रांना उत्तर देत नसत.

बाबांनी फिल्म एकदाच बघितली, संस्थेच्या हॉलमध्ये, तिसऱ्या रांगेत. घरी येताना बसमध्ये म्हणाले, “उजव्या बाहीलाच फार वेळ दिलास. डावी जास्त चांगली बसली होती.” शेवटच्या आठवड्यापर्यंत ते मशीनवर बसत होते. एकोणनव्वद साली गेले. आई त्यांच्यानंतर नऊ वर्षं होती.

दातांचे डॉक्टर फिल्म दाखवली त्या दिवशी हॉलमध्ये तो कोट घालूनच आले होते. आपला खांदा पडद्यावर दिसल्यावर त्यांनी शेजाऱ्याला कोपराने ढोसलं. पुढे माझे तीन दात त्यांनी काढले. दर वेळी दिवा माझ्या तोंडावर वळवताना म्हणायचे, “डोळ्यांत नाही ना?” दवाखाना आता त्यांची सून चालवते.

स्टोअरवाले कॅमेरे जाऊन व्हिडिओ येईपर्यंत तिथेच होते. शेवटच्या दिवशी त्यांनी सगळी रजिस्टरं रद्दीत घातली.

अंधाऱ्या परदेशी गेला. समुद्राच्या तळाशी राहणारे प्राणी चित्रित करायचं काम त्याला मिळालं. दर वर्षी एक कार्ड यायचं, त्यावर कुठला तरी विचित्र मासा आणि मागे दोन ओळी. दोन हजार चौदा साली कार्ड आलं नाही. त्याच्या मुलीने नंतर फोन करून कळवलं.

दादाला मी एकदा विचारलं होतं की त्या दिवशी तू मशीनवर का बसलास. बाबांनी सगळ्यांदेखत तुझी चूक काढली होती, तू माझ्यावर चिडलेला होतास. तो म्हणाला, “मशीनला तेल घातलं होतं. चालवून बघत होतो.” त्यापुढे मी कधी विचारलं नाही. बाह्या लावायला मात्र त्याने नंतर कुणालाही बसू दिलं नाही. दोन हजार अकरात त्याने दुकान बंद केलं. आता तो शहात्तर वर्षांचा आहे आणि माझ्यापासून दोन घरं सोडून राहतो. आमच्या जागी आता चष्म्यांचं दुकान आहे. आम्ही दोघंही चष्मे तिथूनच करून घेतो. दादा आत गेला की भिंतींना हात लावून बघतो आणि रंग बरोबर लागला नाही म्हणतो. सवलत काही दुकानवाले देत नाहीत.